सत्तर हजार प्रकाशवर्षांचा वनवास, तरी महागाथा का वाटत नाही?

धरमपेठी

उन्हाळ्यात दुपारी नागपुरात माणूस दोनच कामं करू शकतो. कूलरसमोर झोपणं, नाहीतर कूलरसमोर बसून काहीतरी पाहणं. मी यंदा 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' पाहून संपवली. सात सीझन, १७२ भाग.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. व्हॉयेजर हे दीडशेच्या आसपास माणसांचं अंतराळजहाज. माकी नावाच्या बंडखोरांच्या मागावर निघतं, आणि पहिल्याच भागात एक परकी शक्ती दोन्ही जहाजांना उचलून आकाशगंगेच्या पार पलीकडे नेऊन टाकते. घर ७० हजार प्रकाशवर्षं लांब. पूर्ण वेगाने निघालं तरी ७५ वर्षं. परत पाठवू शकेल असं एकच यंत्र तिथे असतं आणि ते कॅप्टन जेनवे स्वतःच्या हुकमाने उडवते, कारण ते काझॉन टोळ्यांच्या हाती लागलं असतं तर ओकाम्पा नावाच्या दुबळ्या लोकांचं काही खरं नव्हतं. मग पकडायला निघालेले आणि पळणारे सगळे एकाच जहाजात बसून घराकडे निघतात.

यापेक्षा मोठी सुरुवात कुठल्या कथेला मिळणार? वनवास आहे, तो स्वतः ओढवून घेतलेला आहे, वैरी मांडीला मांडी लावून बसलेत. तरी शेवटचा भाग संपला तेव्हा आपण काही भव्य पाहिलं असं मला वाटलं नाही. चांगले भाग पुष्कळ पाहिले, एवढंच वाटलं. माझा आक्षेप एकच आहे. या मालिकेला मागचं काही आठवत नाही.

पहिल्या सीझनमध्ये स्पष्ट सांगतात की जहाजावर ३८ फोटॉन टॉर्पेडो आहेत आणि नवे मिळायची सोय नाही. पुढे सात वर्षं टॉर्पेडो दिवाळीतल्या रॉकेटसारखे उडतात, मोजायला कोणी नाही. छोटी शटलयानं आपटतात, फुटतात, पुढच्या आठवड्यात नवी हजर. माकी बंडखोरांचं भांडण पहिल्या सीझनमध्येच विरून जातं, सगळ्यांच्या अंगावर तोच युनिफॉर्म. बिचारा हॅरी किम एन्साइन, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचा अधिकारी, म्हणून चढला आणि एन्साइन म्हणूनच उतरला.

सगळ्यात जास्त चीड आली ती 'इयर ऑफ हेल' या जोडभागाची. जहाजाचे मजले एकेक करून निकामी होतात, सुरक्षा अधिकारी टुव्हॉक आंधळा होतो, जेनवे भाजते, बहुतेकांना जीवरक्षक पॉडमधून बाहेर पाठवून ती मोजक्या लोकांनिशी लढत राहते आणि शेवटी तेच मोडकं जहाज शत्रूच्या कालयानावर नेऊन आदळते. मी कूलरचं पाणी संपलं तरी उठलो नाही. आणि मग? काळ मागे फिरतो, सगळं जसंच्या तसं, कोणालाच काही आठवत नाही.

पानिपतावर १७६० च्या नोव्हेंबरपासून मराठ्यांची छावणी अडकून पडली. दाणागोटा संपत गेला, जनावरं मरत गेली, आणि १४ जानेवारीला माणसं उपाशी पोटी लढायला बाहेर पडली. ती कथा आजही आपल्या अंगावर येते ती त्या आधीच्या दोन महिन्यांमुळे. व्हॉयेजरमध्ये ते दोन महिने कुठे आहेत?

बोला.

---

इतवारीचा भाऊ

काहून बाप्पा, एवढे कायले तापून राहिले? ऊन लागलं का?

तुम्ही १९९५ च्या मालिकेले आजच्या मोजपट्टीनं मोजून राहिले, हे काही बराबर नाही. १६ जानेवारी १९९५ ले यूपीएन नावाची नवी वाहिनी सुरू झाली, तिचा पहिला कार्यक्रम म्हणजे व्हॉयेजर. पूर्ण वाहिनी या एका जहाजावर बसली होती ना भाऊ. आन् त्या टायमाले मालिका एकदा दाखवून संपत नव्हती. शंभर-दीडशे भाग जमले का दुसऱ्या वाहिन्यांले विकायचे, तिथं रोज लागायचे, कोणी आज पाह्यला, कोणी चार दिवसांनी. पाहणाऱ्याले कुठूनही शिरता आलं पाहिजे, म्हनून दर भागाच्या शेवटी घर झाडून-पुसून जसंच्या तसं. आता तुम्ही सगळं एका दमात पाह्यलं तर जोड दिसणारच.

आन् भव्य नाही म्हणता? सुरुवातीचं संगीत एकदा मोठ्यानं लावून पाहा. जेरी गोल्डस्मिथनं केलं, टीव्हीतलं एमी बक्षीस मिळालं त्याले. सूर्याच्या ज्वाळेजवळून जहाज जाते, मंग वायूच्या ढगातून, मंग कड्या असलेल्या ग्रहाजवळून. मले तर दर वेळेस काटा येते.

---

धरमपेठी

भाऊ, कारण पटलं. पण कारण सांगितल्याने उणीव भरून निघत नाही. पैशाअभावी मंदिराचा कळस बांधला नाही हे समजलं, तरी मंदिर बिनकळसाचंच दिसणार. संगीताबद्दल वाद नाही. तेवढं दीड मिनिट महागाथा आहे हे मान्य. पुढच्या चव्वेचाळीस मिनिटांचं बोलू.

---

मिहानवाली

दोघांनाही थोडं गणित देते, रागावू नका.

७० हजार भागिले ७५ म्हणजे वर्षाला साधारण ९३३ प्रकाशवर्षं. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. या वेगाने व्हॉयेजर तिथे दोन दिवसांच्या आत पोचेल. आपलं खरं व्हॉयेजर-१ यान १९७७ मध्ये निघालं, सेकंदाला १७ किलोमीटरच्या आसपास धावतंय. तेवढंच अंतर त्याला कापायचं म्हटलं तर ७५ हजार वर्षं लागतील. खऱ्या यानाकडे नुसता विचार केला तरी पोटात खड्डा पडतो. मालिकेतल्या जहाजाकडे पाहून तो पडत नाही. का?

माझ्या मते आठवण वगैरे नंतरची गोष्ट. मुळात वाट दिसत नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा कुठल्या दिवशी कुठला मुक्काम हे गावागावाला पाठ असतं. इतके झाले, इतके राहिले. त्या राहिलेल्या मुक्कामांमुळे पाय दुखतात, आणि त्यांच्यामुळेच पोचण्याला किंमत येते. व्हॉयेजरमध्ये वाट चालून संपत नाही, लॉटरी लागून संपते. जहाजावरची केस नावाची ओकाम्पा मुलगी जहाज सोडून जाताना एका झटक्यात ९,५०० प्रकाशवर्षं पुढे ढकलून देते. म्हणजे दहा वर्षांची वाट एका दृश्यात गेली! नंतर बोर्ग लोकांचं, म्हणजे दुसऱ्यांना पकडून आपल्यासारखं करणाऱ्या अर्धयंत्र-अर्धमाणसांचं, यंत्र चोरून आणखी मोठी उडी. नकाशावर बोट ठेवून 'आता आपण इथे' असं मला एकदाही म्हणता आलं नाही. कामात महिनाभराची डेडलाइन कोणीतरी उद्यावर आणली तर बरं वाटतं, पण मग त्या महिन्याच्या जागरणाच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

म्हणून धरमपेठींच्या बाजूने माझं अर्धं मत.

---

फुटाळा वॉकर

ताई, नकाशा नाही हे चूक. पहिली दोन वर्षं काझॉन आणि अवयव चोरणारे विडियन, मग तो मुलूख मागे पडतो आणि ते दिसेनासे होतात. मग बोर्गांचा मुलूख, मग शिकारी हिरोजेन. मुलूख बदलतो, वैरी बदलतात. अजून काय मैलाचे दगड रोवायचे? झिरो माइलचा खांब अंतराळात नाही मिळत.

मला मुद्दा वेगळा मांडायचाय. अठरा अक्षौहिणी सैन्य आणि लाखभर श्लोक यांच्यामुळे महाभारत मोठं झालं का? युधिष्ठिरासारखा माणूस 'नरो वा कुंजरो वा' म्हणतो, तिथे ते मोठं होतं. जेनवेवर अशी वेळ किती वेळा येते बघा. पहिल्याच भागात दीडशे लोकांचं घर विरुद्ध अनोळखी ओकाम्पा. त्या लोकांचं आयुष्यच नऊ वर्षांचं, तरी ती त्यांच्या बाजूने निर्णय घेते.

आणि 'ट्युविक्स'! माणसाला क्षणात इकडून तिकडे पाठवणाऱ्या ट्रान्सपोर्टर यंत्राच्या अपघातात टुव्हॉक आणि जहाजाचा स्वयंपाकी नीलिक्स यांचा मिळून एक तिसराच माणूस तयार होतो. हसतो, स्वयंपाक करतो, माणसं जोडतो. काही आठवड्यांनी दोघांना वेगळं करायची युक्ती सापडते, आणि तो म्हणतो, मला जगायचंय. ब्रिजवर तो एकेकाच्या तोंडाकडे बघतो, सगळे माना खाली घालतात. डॉक्टर, जो माणूससुद्धा नाही, नुसता प्रकाशाचा होलोग्राम, तो म्हणतो की हे मी करणार नाही, माझ्या शपथेत बसत नाही. मग जेनवे स्वतः बटणं दाबते. दोघं परत येतात, ती त्यांचं स्वागत करून बाहेर पडते, आणि कॉरिडॉरमधून एकटी चालत येताना तिचा चेहरा पाहा. त्या चेहऱ्यात जे आहे त्याला भव्य नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

---

धरमपेठी

उदाहरण तुम्हीच काढलंत म्हणून बरं झालं. 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्यावर पुढे काय होतं? तोवर युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो खाली टेकला. खोटं एका वाक्याचं, पण रथ टेकला तो टेकलाच. आणि द्रोणाच्या मुलाने रात्री छावणीत शिरून काय केलं तेही माहीत आहे.

ट्युविक्सच्या पुढच्या भागात काय होतं? काही नाही. टुव्हॉक कामावर, नीलिक्स कढईपाशी. त्यांच्यापायी एक माणूस मेला, याबद्दल दोघांपैकी एकही जण तोंडातून शब्द काढत नाही. जेनवेचा रथ सात वर्षं चार बोटं वरच.

---

सदरची काकू

धरमपेठी, तुम्ही पाचव्या सीझनचा पहिला भाग झोपेत पाहिलात की काय? 'नाइट'. तिथे रथ टेकलाय, चांगला दणकून.

जहाज अशा पोकळीत शिरतं की आजूबाजूला एकही तारा नाही. पार व्हायला दोन वर्षं लागणार. करायला काही नाही, लढायला कोणी नाही. आणि कॅप्टन खोलीतून बाहेर येत नाही. आठवडेच्या आठवडे अंधारात बसून राहते. तिचा दुय्यम अधिकारी, आधीचा माकी चकोटे भेटायला जातो तेव्हा कळतं की ती चार वर्षांपूर्वीचा तोच पहिला निर्णय उगाळत बसली आहे. यंत्र मी उडवलं, माझ्यामुळे हे सगळे इथे अडकले. पुढे जहाज वाचवायला ती स्वतः मागे राहायचं ठरवते आणि ब्रिजवरचा एकही जण तिचा हुकूम मानत नाही. हुकूम मोडून ते तिला सांगतात की तू आमच्याबरोबर यायचंस.

मी नोकरी, घर, सासूबाईंचं दुखणं हे सगळं एकदम सांभाळलेली बाई आहे. कामाच्या गर्दीत कोणाला पश्चात्ताप होत नाही. गर्दी ओसरली, हात रिकामे झाले की मग होतो. हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने तिला लढाईत रडवलं नाही, ताऱ्यांशिवायच्या पोकळीत नेऊन बसवलं.

आणि आणखी एक. स्टार ट्रेकच्या मालिकेची नायिका म्हणून कॅप्टनच्या खुर्चीत बाई बसली ती पहिल्यांदा इथे. केट मलग्रू आधी ठरलेलीही नव्हती, दुसऱ्या नटीने थोडंसं चित्रीकरण करून सोडलं तेव्हा हिला बोलावलं. आज अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावात जेनवेचा पुतळा आहे, २०२० साली बसवला. ती त्या गावात जन्मणार आहे म्हणे, चोविसाव्या शतकात! न जन्मलेल्या बाईचा पुतळा लोक वर्गणी काढून उभा करतात, यातच काय ते समजा.

---

धरमपेठी

काकू, 'नाइट' जागेपणीच पाहिला, आणि आवडला. पण दोन वर्षांची पोकळी त्याच भागात संपते की नाही? एक भोवरा सापडतो, जहाज पलीकडे. दोन वर्षं अंधारात काढली असती तर मी आज हा धागाच काढला नसता.

पुतळे तर आपल्याकडे चौकाचौकात आहेत, त्यावरून काही ठरवू नका.

---

यक्ष रामटेकचा

निवृत्त शिक्षक आहे, संस्कृत शिकवत होतो. नातवाच्या नादाने ही मालिका पाहिली, सगळी नाही. तुमचा वाद वाचून गंमत वाटली, कारण तुम्ही सगळेच तिला महाभारत, रामायण, पानिपत यांच्या शेजारी उभी करून उंची मोजत आहात. माझ्या मते ती शेजारच्याच दुसऱ्या टेकडीवर उभी आहे.

कालिदासाचा यक्ष रामगिरीवर वर्षभराची शिक्षा भोगत होता. रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं आपल्याकडे मानतात, बरेच अभ्यासकही तसंच म्हणतात. हा यक्ष काय करतो? लढत नाही, राक्षस मारत नाही, कोणाचं राज्य जिंकत नाही. आषाढात डोंगराच्या माथ्याला टेकलेला एक ढग पाहतो आणि त्याच्याबरोबर घरी निरोप पाठवतो. शंभरावर काही थोडे श्लोक. तेवढ्यात विदिशा येते, उज्जयिनी येते, नद्या येतात, कैलास येतो, अलकानगरी येते. ते महाकाव्य नव्हे, आणि त्याची कोणी तक्रारही केली नाही.

आता 'हंटर्स' नावाचा भाग आठवा. हिरोजेन लोकांच्या जुन्या प्रक्षेपकांच्या साखळीतून पृथ्वीवरून पत्रं येतात, तुटक-तुटक, एकेक. जहाजावरचा प्रत्येक माणूस काम सोडून नीलिक्सच्या मागे, माझं आलं का? टुव्हॉकला कळतं की आपण आजोबा झालो. चकोटेला कळतं की मागे राहिलेले माकी साथी जवळजवळ सगळे मारले गेले. जहाज चालवणारा टॉम पॅरिस वडिलांचं पत्र यावं की येऊ नये या घोळात असतो, आणि ते पूर्ण उतरायच्या आत साखळीच नष्ट होते. जेनवेला तिच्या वाग्दत्त वराचं पत्र येतं. तुम्ही सगळे गेलात असं समजून मी थांबलो, मग आशा सोडली, आता लग्न केलंय. ती ते शांतपणे वाचते. पुढे चकोटेशी बोलताना म्हणते की या आधाराने मी दुसऱ्या कोणात गुंतले नाही, आता तो आधारही गेला.

विरह हाच या मालिकेचा रस आहे. त्यात शस्त्रांचा हिशोब ठेवलेला नाही हे खरं, पण यक्षाने तरी वर्षभर काय खाल्लं हे कालिदासाने कुठे सांगितलंय? हाताचं सोन्याचं कडं गळून पडलं, इतका तो वाळला, एवढं सांगितलं आणि काम झालं.

---

इतवारीचा भाऊ

वा सर! एक नंबर. धरमपेठी, आता बोला.

---

धरमपेठी

सर, नमस्कार. तुमच्यापुढे मेघदूतावर बोलणं म्हणजे आगाऊपणा, तरी एक विचारतो.

यक्ष ढगाला काय सांगायला सांगतो? चार महिने उरलेत, डोळे मिटून काढ. विष्णू शेषावरून उठला की माझा शाप संपला. शाप संपायची तारीख पक्की आहे. म्हणून तो झुरू शकतो, कविता करू शकतो. व्हॉयेजरच्या लोकांना चार महिने नाहीत, ७५ वर्षं आहेत. म्हणजे जे निघाले ते पोचणार नाहीत. त्यांची मुलं म्हातारी होऊन पोचतील, नातवंडं पोचतील. पृथ्वी न पाहिलेल्या पिढीला पृथ्वीवर पोचवायचं. हे नुसत्या विरहाने पेलत नाही, याला वंशावळ लागते, आणि वंशावळ म्हटलं की महाकाव्य आलंच.

आणि मालिका याचं काय करते? दीडशे माणसं, बहुतेक तरुण, सात वर्षं. वाटेत गवसलेली बोर्गांची पोरं सोडली, तर जहाजावर ठळकपणे वाढताना दिसते ती एकच मुलगी, नेओमी वाइल्डमन. शेवटच्या भागात इंजिनियर टॉरेसचं बाळ. शाळा नाही, लग्नं मोजून एक-दोन, म्हातारपणाची चर्चा नाही, कोण कोणानंतर खुर्चीत बसणार याचा विचार नाही. कारण पटकथा लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की ही मंडळी सात वर्षांत घरी जाणार आहेत. ते जहाजावरच्या लोकांनाही कोणीतरी गुपचूप सांगून ठेवल्यासारखं वाटतं.

---

यक्ष रामटेकचा

चार महिन्यांचा मुद्दा बिनतोड आहे. विचार करतो.

तरी एक सांगतो. ज्याची तारीख ठरलेली नाही त्याच्या विरहात रोजचा दिवस साधाच जातो. तुरुंगातून किंवा परदेशातून लिहिलेली पत्रं वाचा, त्यात जेवण, हवापाणी, शेजारी यांच्याविषयीच जास्त असतं. रोज ७५ वर्षांचा विचार करणारा माणूस वेडा होईल. नीलिक्सचं स्वयंपाकघर आणि त्याची ती सगळ्यांना नकोशी झालेली कंदाची भाजी मला त्या दृष्टीने खरी वाटली.

---

मिहानवाली

सरांच्या शेवटच्या वाक्यावर फिदा. पण धरमपेठींच्या वंशावळीच्या मुद्द्याला तोड नाही, तिथे मालिकेने हातातलं सोनं टाकलं.

बाय द वे, जे करायचं राहिलं ते करायला एक जण बाहेर पडलाच. रॉनल्ड डी. मूर. स्टार ट्रेकमध्ये वर्षानुवर्षं लिहीत होता, व्हॉयेजरवर सहाव्या सीझनला आला आणि थोड्याच दिवसांत निघून गेला. नंतर मुलाखतीत त्याने जवळपास हीच तक्रार केली, की जहाज खरं अडकल्यासारखं वाटत नाही. मग त्याने 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' नव्याने केली. २००३ मध्ये मिनी-मालिका, पुढे २००९ पर्यंत. तिथे अध्यक्षांच्या यानात एक पांढरा फळा असतो, त्यावर अख्ख्या मानवजातीतल्या उरलेल्या माणसांचा आकडा. सुरुवातीला ५० हजारांच्या आसपास. माणूस मेला की पुसून कमी, मूल जन्मलं की एक जास्त. पाणी संपलं तर एक भाग पाण्याचा, इंधन संपलं तर इंधनाचा. तो फळा पाहिला की माझ्या पोटात खड्डा पडतो. तोच, खऱ्या व्हॉयेजर-१ वाला.

---

सदरची काकू

पाहिली ग बाई तीही. घरातले सगळे मिळून पाहायला बसलो आणि तिसऱ्या दिवशी एकटी मीच उरले. सगळे सतत रडके, चिडके, पिऊन पडलेले. हाल दाखवले म्हणजे भव्यता येते असं थोडंच आहे? पांडव वनवासात गेले तरी द्रौपदीची थाळी होती, भीमाची खोडी होती, ऋषी येऊन गोष्टी सांगत होते. वनपर्व भरलंय ते तसल्या गोष्टींनीच. नल-दमयंतीची गोष्ट तिथलीच, सावित्रीची तिथलीच. वनवास म्हणजे एकेका मुक्कामाला ऐकलेली एकेक गोष्ट. व्हॉयेजर मला तशी वाटते. दर आठवड्याला नवा ऋषी, फक्त कपाळावर प्लास्टिकच्या सुरकुत्या.

---

फुटाळा वॉकर

काकू जिंकल्या. वनपर्वावर मी घर लिहून द्यायला तयार.

---

इतवारीचा भाऊ

आन् 'ब्लिंक ऑफ ॲन आय' कोणी काढलाच नाही अजून! भव्य पाहिजे ना? हे घ्या.

एक ग्रह हाये, तिथं काळ भलत्या वेगानं पळते. जहाजावर एक सेकंद गेला का खाली जवळपास एक दिवस. व्हॉयेजर त्याच्या कक्षेत अडकते, आन् अडकल्यामुळं खाली भूकंप होत राहते. खालच्या लोकांच्या आभाळात एक नवा तारा दिसाले लागते. पहिले त्याची पूजा करतात, फळं वाहतात. मंग राजे येतात, त्या ताऱ्याले पत्र धाडायचं म्हनून फुगा सोडतात. मंग दुर्बिणी, मंग रेडिओ, मंग रॉकेट. पोरं त्या ताऱ्याची खेळणी घेऊन खेळतात. इकडं जहाजावर चहा थंड व्हायच्या आत तिकडं पिढ्या गेल्या! शेवटी त्यांचाच एक अंतराळवीर वर येते, आन् त्यांचीच यानं व्हॉयेजरले ओढून बाहेर काढतात. तो अंतराळवीर खाली जाऊन म्हातारा होते, एका टेकडीवर बसून पाहत राहते, आन् तारा निघून जाते.

हे सगळं पाऊण तासात. धरमपेठी, तुमची वंशावळ पाहिजे होती ना? पूर्ण जातीची वंशावळ दिली, फक्त जहाजातल्या लोकांची नाही, दुसऱ्याची दिली. मी हा भाग पाह्यल्यावर पोराले घेऊन रमण सायन्स सेंटरच्या तारांगणात गेलो होतो. तिथं घुमटावर तारे लागले, आन् पोरगं म्हणते, बाबा, यातलं कोणतं अडकलेलं हाये?

---

धरमपेठी

हा भाग अप्रतिम आहे, त्यावर माझ्याकडे काही म्हणणं नाही. पण त्यात महागाथा त्या ग्रहाची आहे. व्हॉयेजर तिथे नुसती ताऱ्यासारखी टांगलेली आहे. स्वतःच्या गोष्टीत पाहुणी!

असो. शेवटाविषयी बोलायचं राहिलं. ओडिसी पाहा. चोवीस सर्गांपैकी तेराव्यातच नायक आपल्या बेटावर पोचतो. पुढचा जवळजवळ अर्धा ग्रंथ घरी आल्यावरचा. कुत्रा ओळखतो, दाई पायावरच्या व्रणावरून ओळखते, बायको लवकर ओळख देत नाही. रामायणातही भरत पादुका ठेवून वाट पाहत बसलाय, म्हणून भेटीला किंमत. व्हॉयेजरच्या 'एंडगेम'मध्ये भविष्यातून म्हातारी जेनवे येते, बोर्गांच्या बोगद्यातून जहाज पृथ्वीपाशी बाहेर पडतं, समोर स्वागताला जहाजं, आणि समाप्त. एकाही माणसाचा पाय जमिनीला लागत नाही. हॅरीचे आईवडील, टुव्हॉकची बायको, पॅरिसच्या बापाने पोराला मारलेली मिठी, काहीच नाही. सात वर्षं ज्या दारासाठी धावलो ते उघडताना दाखवलंच नाही.

---

फुटाळा वॉकर

घरी आल्यावरचं दाखवलंय की! फक्त ते त्याच भागाच्या सुरुवातीला आहे. ज्या काळात त्यांना परतायला २३ वर्षं लागली, तिथला मेळावा. जेनवेचे केस पांढरे, चकोटे गेलेला, बोर्गांतून सोडवून आणलेली सेव्हन गेलेली, टुव्हॉकचं डोकं भ्रमिष्ट होऊन तो एका खोलीत कागदावर काहीबाही लिहीत बसलाय. ती त्याला भेटायला जाते ते दृश्य बघा. घरी पोचलो आणि तरी हरलो, हे त्या वीस मिनिटांत आहे. उत्तरकांड आधी, मग युद्धकांड. क्रम उलटा लावला म्हणून दिसलं नाही का तुम्हाला?

---

धरमपेठी

दिसलं. म्हणूनच तर चरफडलो. सात वर्षांत पहिल्यांदा किंमत मोजलेली दिसली, आणि ती म्हातारी काळात मागे जाऊन तीच किंमत पुसून टाकते. 'इयर ऑफ हेल'चं पुन्हा तेच.

---

सदरची काकू

पुसून नाही टाकत हो. स्वतः मरते बोर्गांच्या राणीसमोर. रक्तात विष भरून घेऊन जाते. तरुण जेनवेला आणि तिच्या माणसांना ते कायम आठवणार. आता याच्यापुढे मी काही लिहीत नाही, पोळ्या व्हायच्या आहेत.

---

कूलरचं पाणी

मी यातला एकही भाग पाहिलेला नाही, पण धागा पूर्ण वाचला. सुट्टीत वडिलांबरोबर पाहायची म्हणतो. त्यांना महाभारत तोंडपाठ आहे आणि इंग्रजी बेताचं. कुठून सुरू करू?

---

इतवारीचा भाऊ

'ब्लिंक ऑफ ॲन आय'. सरळ तिथून. मागचं-पुढचं माहीत नसलं तरी चालते.

---

धरमपेठी

मागचं-पुढचं माहीत नसलं तरी चालतं, हीच माझी तक्रार होती ना भाऊ! पहिल्या भागापासून ओळीने पाहा. वडिलांना एक वही द्या आणि टॉर्पेडो मोजायला सांगा.

---

सदरची काकू

पोळ्या झाल्या. ऐक बाळा, पहिला जोडभाग पाहा, मग काझॉनांचे सगळे ओलांडून सरळ चौथ्या सीझनवर जा. 'नाइट' चुकवू नका. आणि 'ट्युविक्स' रात्री जेवताना लावू नका, आमच्याकडे त्यावरून दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नव्हतं.